ज्योतीदादाची एक्केचाळीस जनावरं

आमच्या ज्योतीदादाच्या गोधडीवर एक्केचाळीस जनावरं आहेत आणि त्यातली निदान नऊ आमच्या नात्यातली आहेत. डबक्यात बसलेली एक म्हैस आहे. हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले, सगळं पाणी वडिलोपार्जित असल्यासारखी. ती बघितली की मला 'सबब' असा शब्द ऐकू येतो. ते आमचे चुलते, नानासाहेब. उंदीर तोंडात धरून 'मी कुठं काय केलं' अशा चेहऱ्यानं बसलेली मांजर म्हणजे धाकटी आत्या. दादाला विचारलं तर म्हणतो, "तसं काय न्हाई गं अंबू, कापडच तसं होतं." कापडाला आत्याचं नाक कुठून येईल? पण दादा असाच. सगळं बोलणं सुईत ओवून बसलाय, तोंडाला काही उरलेलंच नाही.

त्याला हा नाद लागला तो चिंचेवरून पडल्यामुळे. अकरा वर्षांचा होता. हाडवैद्यानं पाय कामट्यांत बांधला आणि चार महिने हलायचं नाही म्हणून सांगितलं. हा पडल्या पडल्या कामट्या सोडायला लागला, तेव्हा आईनं हाताला चाळा म्हणून सुई-दोरा आणि चिंध्या दिल्या. पाय चार महिन्यांत बरा झाला. सुई काही सुटली नाही.

आता तो तेवीस वर्षांचा आहे. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघाला तसा तिथं बाटल्या धुवायच्या खात्यात लागला. आमच्या निघोज्याहून रोज सायकलवर जातो, शिफ्ट संपवून येतो, हात राखेनं घासून धुतो, आणि गोधडी पुढ्यात ओढतो. गोधडी कडेनं सुरू करायची आणि फेऱ्या घालत घालत मध्यावर संपवायची, अशी रीत आहे. दादाचा टाका तांदळाच्या कणीएवढा. एक फेरी घालायला त्याला आठवडा लागतो. वाघ देहूरोडच्या लष्करी डेपोच्या लिलावातल्या खाकी पँटीचा आहे, पट्टे फाटक्या छत्रीचे. पँटीचा खिसा त्यानं वाघाच्या पोटाला तसाच ठेवलाय. त्यात बोटं घातली की आत शिवलेला एवढासा ससा हाताला लागतो. बगळे पॅराशूटच्या कापडाचे आहेत, इतके पांढरे की अंधारातही दिसतात. सरड्याच्या पाठीला हिरवा दोरा हळूहळू तांबडा होत जातो. कुठं बदलला ते मी भिंग लावूनही शोधलं, सापडलं नाही.

हे सगळं कळणारा माणूस अख्ख्या पंचक्रोशीत एकच. चाकणचे लालमहंमद शिंपी, ज्यांच्याकडून दादा चिंध्या आणतो. ते कुठलंही शिवण हातात घेतलं की आधी उलटं करतात. "सुलटं तर समदी दुनिया बनवती रे ज्योती. उलटं दाखव." त्यांच्या धाकानं दादाची उलटी बाजू सुलटीइतकीच नेटकी झाली. खाली जुन्या धोतराचं पांढरं अस्तर आहे, आणि त्यावर नुसत्या टाक्यांनी तीच सगळी जनावरं उमटलीत, रेघेरेघेनं.

गावाला मात्र यातलं काही दिसत नाही. गावाला दिसते सुई, आणि ती धरणारी मिशी. "काय ज्योतीबाई, आज काय भरलं?" असं म्हणून ज्यांचं पोट दुखेपर्यंत हसणं होतं, त्यांच्या स्वतःच्या सदऱ्याला बटणं नाहीत. कुरुळीचं एक स्थळ आलं होतं. त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "नवरा शिवणार, मग बायकूनं काय नांगर धरायचा?" आणि सगळे चपला घालून गेले. खेडचे तर दारातूनच परतले.

त्यानंतर नानासाहेबांनी हुकूम काढला. वडील मी पाळण्यात असतानाच गेले, म्हणून आमच्या घरात हुकूम नाना काढतात. ते खेडच्या मामलेदार कचेरीत सहा वर्षं पट्टेवाले होते. मामलेदार बदलून गेले, पण त्यांची भाषा नानांच्या अंगावर राहून गेली. "ज्योतीराम, सदरहू शिवणकाम माजघरात, दार लोटून करणे. सबब, बाहेर वाच्यता नको. कोणी विचारल्यास वहिनींनी केले असे सांगणे." आणि ज्या वहिनींनी, म्हणजे आमच्या आईनं, ते केलं म्हणायचं, तिनं पोलक्याला ठिगळ लावलं तर शेळीनं चावल्यासारखं दिसतं.

तिसरं स्थळ आलं महाळुंग्याच्या उद्धवरावांचं. मुलगी कुसुम. ती दादानं चाकणच्या बाजारात लांबून बघितली होती. घरी येऊन जेवला, आंचवला, आणि म्हणाला, "तिच्या पदराला जुन्या साडीची किनार जोडलेली हाय. आन जोड दिसत न्हाई." एवढंच. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर ते किनारीचं वर्णन झालं असतं. दादा सलग दोन वाक्यं बोलला म्हणजे जीव जडला, हे आईला आणि मला तिथल्या तिथं कळलं. म्हणून या खेपेला काही बिघडता कामा नये असं आईनं चार वेळा देवाला आणि सहा वेळा मला बजावलं. "अंबे, तोंड आवर. पावन्यांच्या नकला करू नगंस."

आखितीनंतरच्या रविवारी ते घर बघायला आले. ते यायच्या आधी घरात जो गोंधळ झाला त्याला कारण शेळी. बैठकीला घालायची घोंगडी एकच, आणि शेळी आदल्या दिवशी तिच्यावरच व्यायली. शेजारून मागावी तर घरात घोंगडी नाही हे गावभर. राहिली गोधडी.

"उलटी अंथरा," नाना म्हणाले. "सबब, जनावरं खाली जातील. वरून निव्वळ पांढरी बैठक दिसेल."

दादा काहीतरी बोलायला गेला. नानांनी हात वर केला. ज्या माणसानं जन्मात एकदाही शिवलेली वस्तू उलटी करून बघितली नाही, त्यानं ती उलटी अंथरायचा हुकूम दिला, आणि आम्ही तो मानला.

पाहुणे तिघं. उद्धवराव, त्यांची थोरली बहीण रुक्मिणीबाई, आणि कुसुमचा भाऊ हिंदुराव. उद्धवराव बोलायच्या आधी घसा असा साफ करतात की वाटावं, आता मोठं भाषण होणार, मग म्हणतात, "ऊन हाय." रुक्मिणीबाई प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट बघायला नको म्हणून तेही आपणच देतात. "विहीर हाय न्हवं? हाय की, दिसली मगाशी. पानी पुरतं का? पुरत आसंल." हिंदुरावांना देवानं एकच शब्द देऊन पाठवलंय, "व्हय". तो शब्द ते चहाच्या बशीत फुंकतात. बशीतून चहा वर ओढताना असा आवाज करतात की गोठ्यातलं नवं करडू दोनदा दचकलं.

"कंपनीत पगार येळेवर हुतो?" उद्धवरावांनी घसा साफ करून विचारलं.

"अगदी तारखेला," नाना म्हणाले. दादाला विचारलेल्या सगळ्या प्रश्नांना नानाच हजर. "सदरहू मुलगा निर्व्यसनी आहे. कामावरून घर, घरून काम. दुसरा कसलाही नाद नाही."

दादा खांबाला टेकून बसला होता. 'नाद नाही' म्हटल्यावर त्यानं खांबाकडे बघितलं.

तेवढ्यात रुक्मिणीबाईंचा हात बसल्या बसल्या बैठकीवरून फिरायला लागला. एकदा गेला, परत आला, थांबला.

"उद्धवा, जरा उठ. तुज्याखाली कायतरी हाय."

उद्धवराव विंचू चावल्यासारखे उडाले. चहा सांडला. "काय हाय? काय हाय?"

"हरीण हाय."

"हरीण?"

"पळतंय बग. आन ह्ये काय, मागं बगतंय. हिंदू, ऊठ, तूबी ऊठ. तुज्याखाली बैल हाय."

"व्हय?" हिंदुराव म्हणाले. त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच प्रश्न आला.

नाना "ते काही नाही, ते काही नाही" करेपर्यंत रुक्मिणीबाईंनी गोधडीचं टोक धरून ती पालथी केली आणि अंगणातून आलेल्या उन्हात एक्केचाळीस जनावरं एकदम वर आली. मी रोज बघते, तरी मलाही ती नव्यानं दिसली. रुक्मिणीबाई गुडघ्यावर बसल्या. प्रश्नही थांबले, उत्तरंही थांबली. बोट लावून एकेक जनावर बघत गेल्या. वाघाच्या खिशात हात घातला आणि चौदा वर्षांच्या पोरीसारख्या किंचाळल्या, "आगं बया! प्वाटात ससा!" मग पुन्हा घातला. मग उद्धवरावांना घालायला लावला. हिंदुरावांनी बैलापाशी वाकून बराच वेळ बघितलं आणि आयुष्यातलं बहुधा सर्वांत लांब वाक्य काढलं, "मागल्या पायाचं वजन बरुबर टाकलंय."

हे सांगायलाच हवं. त्या घटकेला त्यांना ती गोधडी खरोखर आवडली होती. दादाचे कान लाल झाले होते. इतकी वर्षं त्याच्या कामाकडे कुणी गुडघे टेकून बघितलं नव्हतं.

"कुनी केली?" रुक्मिणीबाईंनी विचारलं, आणि या वेळी उत्तरासाठी थांबल्या.

आईनं तोंड उघडलं. पण नानांना वाटलं असावं की वहिनींचं पोलकं समोर दिसतंय, ते पटायचं नाही. म्हणून ते म्हणाले, "आमच्या अंबूनं."

मी भाकरीच्या टोपल्यापाशी उभी होते. मला सुईत दोरा ओवता येत नाही. शाळेत शिवणाच्या बाईंनी माझा रुमाल वर्गात फिरवला होता, तो काय करू नये ते दाखवायला.

रुक्मिणीबाईंनी माझ्याकडे बघितलं. डोक्यापासून पायापर्यंत, जनावराच्या बाजारात बघतात तसं. फक्त दात मोजले नाहीत. मग भावाला दाराआड नेलं. आत कुजबुज, घसा साफ केल्याचा आवाज, पुन्हा कुजबुज. बाहेर आल्या त्या हसतच.

"हे बगा नानासायब. आमची कुसुम तुमच्या ज्योतीरामाला. आन तुमची अंबू आमच्या हिंदूला. साटंलोटं करू. येका मांडवात दोन लग्नं. शिकली किती? सातवी. बास की. वय? पंधरा आसंल. झालंच की."

नानांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुढं कितीतरी वेळा करून दाखवलंय, पण ओठांची ती थरथर काही जमत नाही. "सबब," ते म्हणाले, आणि आनंदानं पुढचा शब्दच सापडेना.

मास्तरांनी आईला सांगून ठेवलं होतं, पोरीला पुण्याला ट्रेनिंगला पाठवा, शाळेत बाई होईल. आईनं मुंडीही हलवली होती. आता आई एकदा माझ्याकडे बघे, एकदा दादाकडे. बोलली तर दादाचं लग्न मोडतं, नाही बोलली तर माझं होतं. "बाई बाई बाई," एवढंच म्हणाली. आणि दादा? त्याची बहीण 'व्हय'ला देऊन टाकायचं ठरत होतं. दादा खांबाकडे बघत होता. त्या खांबावर एक गाठ आहे. तिच्यात काय दिसत होतं कुणास ठाऊक.

मी आतून पेटले होते. त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे म्हण काहीतरी, मिशी काय भाड्यानं आणलीस? पण कुसुमच्या पदराची ती न दिसणारी जोडही मला आठवत होती. मग मीही गप्प बसले. तेवढा एक रविवार मी आईचं ऐकलं.

आणि रुक्मिणीबाईंना हौस आली. संशय नव्हता त्यांना, नुसती हौस. गोधडीच्या मध्यावर मोर होता, त्याचा पिसारा अर्धा राहिलेला. सुई तिथंच खोचलेली. "पोरी, एवढं येक पीस भरून दाव. म्हायेरी जाऊन सांगीन, सुनंचा हात म्या डोळ्यांनी बगितला."

"लाजते ती," नाना म्हणाले.

"लाजायचं काय त्यात? घरचीच मानसं आता."

मी बसले. सुई खुरप्यासारखी धरली. दोऱ्याला गाठ मारायची असते हे मला तिसऱ्या टाक्याला कळलं, कारण पहिले दोन निघून हातात आले. चौथा टाका मोराच्या पिसातून निघून शेजारच्या मुंगसाच्या शेपटीत गेला.

"नजर लागू नये म्हणून," नाना म्हणाले, "पाव्हण्यांसमोर मुद्दाम वाकडं घालते."

"व्हय," हिंदुराव म्हणाले.

पाचवा टाका मी जोरात ओढला आणि पिसाचं निळं कापड चुरगळून गोळा झालं. ते कापड आईच्या लग्नातल्या खणाचं होतं, आणि तेवढा एकच तुकडा उरला होता.

खांबापाशी हालचाल झाली. माझ्या लग्नाला जो उठला नाही, तो पिसाला उठला.

"दे हिकडं," दादा म्हणाला. "नास करशील."

त्यानं माझ्या हातातून सुई काढून घेतली, मांडी घालून गोधडी पुढ्यात ओढली, आणि माझे उरलेले तीनही टाके एकेक करून उसवले. चुरगळलेलं कापड नखानं सरळ केलं. दोऱ्याला जीभ लावली, गाठ मारली. आणि सगळ्यांसमोर, उजेडात, भरायला लागला. सुई आत गेली की दिसायची नाही, वर आली की दिसायची नाही. नुसतं पीस पुढं सरकताना दिसायचं.

करडू ओरडलं.

"बहिणीला मदत करतो अधूनमधून," नाना म्हणाले. "सबब—"

"अंबूला सुईत दोरा ववता येत न्हाई," दादा म्हणाला. मान वर न करता. "माजी हाय गोधडी. समदीच्या समदी. म्या केलीया. आन अंबू पुण्याला ट्रेनिंगला जानार हाय."

पाच वाक्यं. आईनं तोंडाला पदर लावला.

उद्धवरावांनी घसा साफ केला. या वेळी भाषण खरंच आलं. "आमी मानूस बघाया आलतो नानासायब. बाई न्हवं. कंपनीतला जावय म्हून च्या प्यालो, आन ह्यो बसलाय मांडी घालून चोळी-परकराचं काम करत. आन तुमी? आमाला उलट्या गोधडीवर बसवलं!"

रुक्मिणीबाई अजून जमिनीवरच होत्या. त्यांचा एक हात वाघाच्या खिशात होता. तो त्यांनी काढला आणि पदराला पुसला. स्वच्छ कापडात घातलेला हात पदराला पुसला.

"डोळंबी बटबटीत हायती," त्या म्हणाल्या. "आन हरनाला कुटं आसली मान आसती? बसल्या बसल्या उगं म्हनलं, पोरीचं मन ऱ्हावं म्हून."

गोधडी तीच होती. ऊनही जिथं होतं तिथंच होतं. मी विचारलं, "मग आत्याबाई, सशाचं काय?" पण त्या उत्तराला थांबल्या नाहीत. बैलगाडी जुंपली गेली. हिंदुराव मागं रेंगाळून आणखी एकदा बैलाच्या मागल्या पायाकडे बघून गेले.

दादानं पीस पुरं केलं. मग उठला, गोठ्यात गेला आणि बराच वेळ आला नाही. आईनं त्याचं ताट झाकून ठेवलं. मी त्या दिवशी कुणाचीच नक्कल केली नाही.

नाना महिनाभर आमच्या घरी फिरकले नाहीत. बाहेर सांगत होते, "सदरहू कुटुंबाशी माझा संबंध नाही." एवढं सुख आम्हाला त्यांनी आधी कधी दिलं नव्हतं. दादा कामावरून आला की आता ओट्यावर बसून शिवतो. माजघरात उजेड कमी पडतो म्हणतो. जाणारे-येणारे "काय ज्योतीबाई" म्हणतात. हा वर बघून म्हणतो, "काय रं, बटनं लावून देऊ का?" त्यात टोमणा नसतो, खरंच विचारतो. त्यानं ते जास्तच झोंबतं.

श्रावण लागला तसे हिंदुराव आले. एकटे, सायकलवरून, दुपारच्या वेळी. ओट्याच्या कडेला टेकले. मी पाणी दिलं. तेही त्यांनी चहासारखं आवाज करत ओढलं. मग पाठ करून आणलेलं म्हणून दाखवलं, उद्धवरावांचा घसा वगळून.

"आबांनी सांगितलंय. लग्नाचं त्ये काय जमायचं न्हाई. पर पोळा आलाय. आमच्या दोन बैलांना झुली पायजेत. अंगभर भरलेल्या. हरनं, मोर, त्यो वाघ. चाकनात तसलं कुनी करत न्हाई. दानं-कापड काय लागंल त्ये देऊ." आणि थांबून, खाली बघून, "फकस्त कुनी केली त्ये गावात सांगायचं न्हाई, म्हनले. आत्या म्हननार, तिनं भरली."

मी हसायला तोंड उघडलं होतं. दादानं माझ्याकडे बघितलं, तेव्हा मिटलं.

"करीन," तो म्हणाला. "दोनी करीन. चांगलं कापड आना, धुतलेलं. पर कोपऱ्यात माजं नाव भरनार. ज्योतीराम, निघोजे. लांबून वाचता येईल एवढं."

हिंदुरावांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "आबा न्हाई म्हनतील."

"मग न्हाई."

"मला चालंल," हिंदुराव म्हणाले, "पर आबा..." आणि सायकल घेऊन गेले. वळणावर एकदा थांबले होते. मला वाटलं, परत येतात. चेन पडली होती.

दादानं त्या दिवसापासून भाद्रपदातल्या अवसेपर्यंत, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्यापर्यंत, दोन झुलींवरच्या वाघांपुरता खाकीचा तुकडा बाजूला ठेवला होता. कुणी न्यायला आलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लालमहंमद शिंपी महाळुंग्याहून येताना ओट्यावर थांबले आणि म्हणाले, उद्धवरावांचे बैल वेशीतून उघडे गेले, नुसत्या शिंगांना बेगड लावलेली. रुक्मिणीबाई बघणाऱ्यांना सांगत होत्या, यंदा झुली घालायची फॅशन राहिली नाही.